ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी : ‘मनी’ या एका नोंदीपुरता अभिप्राय

डग्लस हार्पर यांच्या ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ या विनामूल्य संकेतस्थळाचा कस पाहायचा असेल, तर ‘मनी’ (पैसा) या इंग्रजी शब्दाची नोंद उघडावी; कारण या शब्दाभोवती दंतकथांची मोठी दाटी आहे आणि त्यांतून वाट काढणे हेच व्युत्पत्तिकोशाचे काम. रोमच्या कॅपिटोलाइन टेकडीवर जूनो देवीचे ‘मोनेता’ या बिरुदाचे मंदिर होते आणि त्याच्या आवारात किंवा लगतच टांकसाळ होती. त्यामुळे ‘मोनेता’ हे नाव टांकसाळीला आणि नाण्यालाही लागले, तेथून जुन्या फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले, हा प्रवास नोंदीत मोजक्या ओळींत उलगडतो. ‘मिंट’ (टांकसाळ) हाही त्याच लॅटिन शब्दापासून, पण निराळ्या वाटेने आलेला, हे तेथेच कळते.

नोंदीची खरी परीक्षा पुढे आहे. ‘मोनेता’चा संबंध ‘मोनेरे’, म्हणजे इशारा देणे, या क्रियापदाशी जोडला जातो आणि मग गॉल सैन्याची चाहूल लागताच कलकलाट करून रोमकरांना जागे करणारे जूनोचे हंस हटकून येतात. परंपरेनुसार तो प्रसंग इ.स.पू. ३९० चा, तर रोमन इतिहासकार लिव्हीच्या वृत्तांतातून मंदिराचे वर्ष इ.स.पू. ३४४, म्हणजे त्या प्रसंगानंतरचे निघते. रोमन वक्ता व लेखक सिसेरो या बिरुदाचे कारण वेगळेच देतो : भूकंपानंतर गाभण डुकरिणीचा बळी द्या, असा आवाज मंदिरातून आला. त्यात हंस नाहीतच. अर्थाच्या दृष्टीने ‘इशारा देणारी’ हे पटण्यासारखे, पण व्युत्पत्ती म्हणून अवघड, असे ही नोंद स्पष्ट म्हणते, आणि माझ्या मते तिचे मोल या एका कबुलीत आहे. ज्या मूळ धातूकडे ती वाचकाला नेते, त्याच्याच कुळात संस्कृत ‘मनस्’ आणि ‘मंत्र’ येतात, हा मराठी वाचकाला मिळणारा वरचा लाभ.

उणीव एवढीच, की पुरावा केवळ शब्दांचा आहे. टायटस कारिसियस या रोमन टांकसाळ-अधिकाऱ्याने इ.स.पू. ४६ मध्ये पाडलेल्या दिनारावर एका बाजूस मोनेताचे मुख आणि दुसऱ्या बाजूस ऐरण, सांडशी व हातोडा आहे. देवी आणि टांकसाळ यांचे नाते त्या एका नाण्याच्या चित्राने लगेच पटले असते. शिवाय कोश इंग्रजीपुरता असल्याने पणजीतील जुन्या टांकसाळीच्या ‘काझा द मोएदा’ या पोर्तुगीज नावातही हीच मोनेता आहे, हे वाचकाला स्वतःच जोडून घ्यावे लागते.