कॉटलिन, आठ महिन्यांनंतर: शून्य वेगळं आणि नसलेलं वेगळं

कोल्हापूरजवळच्या एका गावातल्या दूध संस्थेचं संकलनाचं अँड्रॉइड ॲप मी सांभाळतो. पहाटे आणि संध्याकाळी लोक दूध घालायला येतात, काट्यावर लिटर मोजले जातात, फॅट मशीनला नमुना लागतो, मशीनचा आकडा टॅबवर येतो आणि पावती निघते. दर दहा दिवसांनी त्याच आकड्यांवर बिल. ॲप आधी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत होतं. आठ महिन्यांपूर्वी ते कॉटलिन या दुसऱ्या भाषेत आणायला घेतलं. कॉटलिनमध्ये कोड किती कमी लिहावा लागतो यावर पुष्कळ लिहून झालंय. मला दोनच गोष्टींबद्दल लिहायचंय: एखादी किंमत आलीच नाही तर ही भाषा काय करते, आणि कास्टिंग करताना, म्हणजे एका टाइपची (प्रकारची) किंमत दुसऱ्या टाइपची म्हणून घेताना, काय होतं.

याला कारण आहे. जुन्या ॲपने एका पहाटे एका आक्कांची पावती शून्य फॅटची काढली. मशीनकडून कोरी ओळ आली होती आणि माझ्या कोडने एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना आलेली चूक) पकडून तिथे मुकाट्याने ० भरला होता. आक्का पावती न बघताच घरी गेल्या. बिलाच्या दिवशी सचिवांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "माझी म्हस पानी देती व्हय?" म्हशीच्या दुधाच्या दराला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हा पाया धरतात. एक पॉइंट खाली आला तरी दर उतरतो. तिथे शून्य छापणं म्हणजे त्या बाईच्या इमानावरच बोट ठेवणं. पैसे दुसऱ्या दिवशी दिले गेले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

कॉटलिनमध्ये 'डबल' (दशांश आकडा) आणि 'डबल?' हे दोन वेगळे टाइप आहेत. साध्या डबलमध्ये नल, म्हणजे 'किंमतच नाही', बसतच नाही. प्रश्नचिन्ह लावलेल्यात बसतो, पण मग तो नल आहे की नाही हे विचारल्याशिवाय त्याचा गुणाकार करू देत नाहीत. कोड कंपाइलच होत नाही, म्हणजे त्याचं ॲपच तयार होत नाही. मशीनची ओळ मी आता टू-डबल-ऑर-नल या फंक्शनने वाचतो. आकडा असेल तर आकडा, नसेल तर नल. नुसतं टू-डबल वापरलं असतं तर कोऱ्या ओळीवर एक्सेप्शन आलं असतं आणि मी पुन्हा ते पकडून शून्य भरायच्या वाटेला लागलो असतो.

पण सावध राहायची जागा इथेच आहे. ?: हे चिन्ह फार सोयीचं आहे: डावीकडे नल आलं तर उजवीकडची किंमत घे. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून फॅटच्या पुढे ?: ०.० लिहून झालं होतं. कंपाइलर खूश, ॲप चालू, आणि आक्कांची पावती पुन्हा शून्यावर यायला मोकळी! भाषा तुम्हाला थांबवून विचारते, उत्तर तुम्हीच द्यायचं असतं. आता मी ?: च्या उजवीकडे रिटर्न लिहितो, फंक्शन तिथेच थांबतं आणि टॅबवर 'फॅट आलं नाही, नमुना परत लावा' असं येतं. जिथे शून्य हे खरंच उत्तर आहे तिथेच शून्य, जसं बिलातून कापायची उचल. उचल घेतलीच नसेल तर ती शून्यच.

कास्टिंगचा धडा उशिरा मिळाला. सर्व्हरवरून मागच्या नोंदी जेसनमध्ये (माहिती पाठवायच्या एका मजकूर-साच्यात) येतात. मी फॅटची किंमत 'ॲज डबल' करून घेत होतो. ६.५ ला चालायचं, ६.२ ला चालायचं, आणि कधीतरी ॲप क्लास-कास्ट-एक्सेप्शन देऊन बंद पडायचं. बंद पडायचं ते बरोबर ६ फॅटच्या नोंदीवर. आमचा सर्व्हर ६.० पाठवताना नुसतं ६ पाठवतो, अँड्रॉइडमधलं जेसनचं कोड त्याचा इंट (पूर्णांक) करतं, आणि कॉटलिनमध्ये ॲज लावून इंटचा डबल होत नाही. ॲज फक्त ही वस्तू त्या टाइपची आहे का हे बघतं, आकडा बदलून देत नाही. मग मी 'ॲज?' लावलं. क्रॅश थांबला, पण ६ फॅटच्या सगळ्या नोंदी नल झाल्या आणि यादीतून गुपचूप गायब. क्रॅशपेक्षा हे वाईट, कारण क्रॅश निदान दिसतो. शेवटी 'ॲज? नंबर' आणि त्यावर टू-डबल, असं केलं. इंट काय आणि डबल काय, दोन्ही नंबरच.

स्मार्ट कास्ट मात्र मनापासून आवडलं. एकदा नल नाही हे तपासलं की पुढच्या ओळींत वेगळं काही लिहावं लागत नाही. व्हार असलेल्या, म्हणजे नंतर बदलता येणाऱ्या, प्रॉपर्टीवर ते चालत नाही, कारण मधल्या क्षणात दुसरा थ्रेड (ॲपमध्ये त्याच वेळी चालणारं दुसरं काम) ती बदलू शकतो. आधी मला हा कंपाइलरचा हट्ट वाटला होता. आता किंमत आधी एका लोकल व्हॅलमध्ये (जी पुन्हा बदलत नाही) घेतो आणि मग तपासतो.

तक्रार जावाच्या हद्दीवर आहे. जावाच्या लायब्ररीतून (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडमधून) आलेल्या किमतीबद्दल कॉटलिनला खात्री नसते, तरी ती विचारत नाही, तिथून नल सरळ आत येतो. आमच्या पावतीच्या प्रिंटरची लायब्ररी जावातली आहे, तिच्याकडून येणाऱ्या प्रत्येक किमतीला मी आता स्वतः प्रश्नचिन्हाचा टाइप देतो. जेसन वाचणाऱ्या जीसन या लायब्ररीने तर याहून फसवलं: क्लासमध्ये सभासदाचं नाव साध्या स्ट्रिंगचं (मजकुराच्या टाइपचं) होतं, जेसनमध्ये ते नव्हतं, आणि जीसनने प्रश्नचिन्ह नसलेल्या जागी बिनधास्त नल ठेवला. कॉटलिनची स्वतःची, याच कामाची सीरियलायझेशन लायब्ररी अशा वेळी फील्ड नाही म्हणून थेट एक्सेप्शन देते. मी तिकडे वळलो.

टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेत नल आणला आणि २००९ मध्ये त्यालाच स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मला वाटतं, किंमत नसणं ही चूक नव्हे. रोज पहाटे मशीनकडून काहीतरी यायचं राहतंच. ते राहिलंय हे टाइपवर लिहिलेलं नसणं, ही चूक.

जावाची फाईल आपोआप कॉटलिनमध्ये बदलणारी सोय अँड्रॉइड स्टुडिओत आहे, पण ती जिथे तिथे !! टाकून ठेवते. !! म्हणजे 'हे नल नाहीच, माझ्यावर सोड', आणि नल निघालं तर ॲप तिथेच बंद. एकेक करून काढत आणलेत. बिलाच्या फाईलमध्ये अजून ३ शिल्लक आहेत, तिन्ही दूध फरकाच्या (सभासदांना नंतर मिळणाऱ्या जादा पैशांच्या) हिशोबात. दिवाळीचा फरक वाटायच्या आत ते काढायचेत.