घरी ऑक्सिजन: सिलिंडर की कॉन्सन्ट्रेटर?

रोज कित्येक तास, मिनिटाला 1-2 लिटर ऑक्सिजन लागणार असेल, तर मी कॉन्सन्ट्रेटरच घ्यायला सांगेन. तो ऑक्सिजन साठवत नाही, हवेतूनच वेगळा करतो. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के; यंत्रातले झिओलाइटचे दाणे दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि नळीतून साधारण 93 टक्के शुद्ध ऑक्सिजन येतो. घरगुती मॉडेल बहुधा मिनिटाला 5 लिटरपर्यंत देतं. आवाज होतो, वीजबिल वाढतं, फिल्टर साफ ठेवावा लागतो.

सिलिंडरला वीज लागत नाही आणि गॅसही जास्त शुद्ध. पण बी-टाइप आकाराच्या सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर मावतो. मिनिटाला 2 लिटरने तो साडेबारा तासांत संपतो. परळच्या लिफ्ट नसलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर रोज ही चढउतार करणार कोण? त्यात जवळच्या हिंदमाता चौकात पाणी तुंबलं की सिलिंडर आणणारी गाडीही अडकते. म्हणूनच, कॉन्सन्ट्रेटर असला तरी वीज गेल्यावर हाताशी म्हणून एक भरलेला सिलिंडर घरात हवाच.

आगीची भीती दोन्हींत आहे. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण ठिणगीचा भडका करतो. एका खोलीच्या घरात देवघर आणि शेगडी जवळच असतात. ऑक्सिजन चालू असताना रुग्णाजवळ समई, उदबत्ती, विडी काहीच नको. सिलिंडर उभा, साखळीने भिंतीला बांधलेला असावा. त्याच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीस कधीच लावू नका, तेलकट हातसुद्धा नको.