असिओ फोर ऑल: साउंड कार्ड न दिसण्यावर हा ड्रायव्हर कधी चालतो, कधी नाही

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला साउंड कार्ड सापडत नाही म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: असिओ फोर ऑल टाकून बघा. मायकेल टिपाख यांनी लिहिलेला हा विंडोजसाठीचा मोफत ड्रायव्हर खरंच चांगला आहे. पण तो एकाच प्रकारचा बिघाड दुरुस्त करतो. आपला बिघाड त्यातला आहे का, हे आधी तपासलं तर बराच वेळ वाचतो.

तो प्रकार असा: विंडोजमध्ये कार्ड व्यवस्थित आहे, गाणी वाजतात, माइकची पट्टी हलते, पण क्यूबेस, एबलटन किंवा रीपरसारख्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये असिओ निवडलं की यादी रिकामी. असिओ ही स्टाइनबर्ग कंपनीने आणलेली पद्धत. विंडोजचा मिक्सर वगळून सॉफ्टवेअर थेट कार्डाशी बोलतं, म्हणून आवाज कमी उशिराने पोहोचतो. मदरबोर्डवरच्या साध्या कार्डांना बहुतेक वेळा स्वतःचा असिओ ड्रायव्हर नसतो. असिओ फोर ऑल सॉफ्टवेअरपुढे असिओ म्हणून उभा राहतो आणि मागच्या बाजूने विंडोजच्या नेहमीच्या डब्ल्यूडीएम ड्रायव्हरशी कर्नल स्ट्रीमिंगने, म्हणजे मिक्सर वगळणाऱ्या थेट वाटेने, जोडतो. म्हणजे मुळातला डब्ल्यूडीएम ड्रायव्हर ठणठणीत हवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळं चिन्ह किंवा कोड १० (उपकरण सुरू होत नाही) दिसत असेल, तर असिओ फोर ऑल काहीही करू शकत नाही. आधी ड्रायव्हर काढा, मशीन बंद करून चालू करा, मग निर्मात्याचाच ड्रायव्हर टाका. यूएसबी इंटरफेस, म्हणजे केबलने जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड, असेल तर हब बाजूला ठेवून थेट मशीनच्या पोर्टात लावा. यूएसबी ऑडिओ क्लास २ या प्रमाणावर चालणाऱ्या इंटरफेससाठी विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून आला. त्याआधीच्या विंडोजवर असे इंटरफेस निर्मात्याच्या ड्रायव्हरशिवाय चालत नाहीत.

आणखी एक गोष्ट आधीच बघून घ्यावी. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोनचं पान आहे, त्यात डेस्कटॉप अ‍ॅप्सना माइक वापरू देण्याचा वेगळा खटका असतो. तो बंद असला की कार्ड यादीत दिसतं, रेकॉर्डिंग सुरूही होतं, आणि लहर मात्र सरळ रेषेत जाते. अशा वेळी लोक तासन्‌तास ड्रायव्हर बदलत बसतात.

ड्रायव्हर टाकणं सोपं आहे. इन्स्टॉलरमध्ये ‘ऑफलाइन सेटिंग्ज’वर खूण जरूर करा, सॉफ्टवेअर उघडतच नसेल तेव्हा सेटिंग बदलायला तोच रस्ता उरतो. मग रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये असिओ, त्यात असिओ फोर ऑल निवडून कंट्रोल पॅनल उघडा. डावीकडे उपकरणांची यादी येते. नावाच्या शेजारचं बटण पेटलं की ते उपकरण वापरात. खरं काम मात्र पान्याच्या चिन्हामागे आहे. तो दाबला की प्रत्येक कार्डाचे इन आणि आउट वेगवेगळे उलगडतात, आणि नको ते एकेक करून बंद करता येतात. मॉनिटरचं एचडीएमआय, वेबकॅमचा माइक, ब्लूटूथ हेडफोन हे सगळं बंद करा. आपापल्या वेगळ्या अंतर्गत घड्याळांवर चालणारी दोन उपकरणं एकत्र चालू ठेवली तर थोड्या वेळाने टकटक ऐकू येते आणि ट्रॅक हळूहळू सरकतो. एकच कार्ड चालू ठेवणं केव्हाही बरं.

उपकरणापुढे लाल फुली दिसली तर बहुधा कार्ड बिघडलेलं नसतं, दुसरं कोणीतरी ते धरून बसलेलं असतं. बहुतेक वेळा आरोपी म्हणजे ब्राउझरचा एखादा टॅब किंवा व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप. ते पूर्ण बंद करा आणि पॅनल पुन्हा उघडा. विंडोजचे सूचनांचे आवाज बंद ठेवले तर हा त्रास आणखी कमी होतो. उलट बाजूही आहे: असिओ फोर ऑलने कार्ड घेतलं की ब्राउझर मुका होतो. रीपरमध्ये यावर उपाय आहे. ऑडिओच्या प्राधान्यांमध्ये, थांबलेलं आणि मागे गेलेलं असताना उपकरण सोडून देण्याचा पर्याय चालू करा.

आउट दिसतं पण इन नाही, ही रिअलटेकच्या कार्डांवरची नेहमीची तक्रार. अनेक मशीनवर जॅकमध्ये माइक घातल्याशिवाय ती वाट जागीच होत नाही. आधी माइक लावा, मग सॉफ्टवेअर उघडा. तरीही नसेल तर विंडोजच्या जुन्या साउंड पॅनलच्या रेकॉर्डिंग यादीत उजवी क्लिक करून बंद ठेवलेली उपकरणं दाखवा.

कार्ड दिसतं, चालू होतं, पण आवाज नाही? मग सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात, ते बघा. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्‌झचा आणि कार्ड ४४.१ वर अडलेलं असेल तर पॅनलमधला ४४.१ आणि ४८ मधल्या रूपांतराचा पर्याय चालू करा. प्रोजेक्टच कार्डाच्या रेटवर आणता आला तर ते अधिक स्वच्छ.

बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी साठवायचा तुकडा, सुरुवातीला ५१२ सॅम्पलवर असतो. ४४.१ किलोहर्ट्‌झला हे एका दिशेला साधारण ११.६ मिलिसेकंद झाले. जाऊन-येऊन दुप्पट, वर कार्डाचा स्वतःचा उशीर. गायकाला हेडफोनमध्ये हा फरक जाणवतो. २५६ वर आणून बघा, फटफट येऊ लागली की एक पायरी मागे या. मिक्सिंगला १०२४ ठेवलं तरी काही बिघडत नाही.

ज्या इंटरफेससोबत निर्मात्याचा असिओ ड्रायव्हर येतो, तिथे असिओ फोर ऑल वापरू नये. तो कमी पडतो, आणि इंटरफेसच्या काही वाटा त्यात दिसतही नाहीत. इंटरफेस दिसत नसेल तर आधी त्याचाच ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. ब्राउझर आणि रेकॉर्डिंग एकाच वेळी चालवायचं असेल तर फ्लेक्सअसिओ हा दुसरा ड्रायव्हर अधिक सोयीचा, कारण तो वासापी या विंडोजच्या स्वतःच्या ऑडिओ व्यवस्थेच्या सामायिक पद्धतीवरही चालतो. त्याची सेटिंग मात्र मजकुराच्या फाइलमध्ये हाताने लिहावी लागते.

ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी यातलं काहीही टाकू नये. तिच्या तिसऱ्या पिढीच्या नेहमीच्या आवृत्तीत असिओची सोयच नाही. होस्टच्या जागी वासापी निवडा. प्रोग्रॅम उघडल्यानंतर इंटरफेस लावला असेल तर ऑडिओ सेटअपमधून उपकरणं पुन्हा शोधायला सांगा, कारण यादी ती उघडतानाच एकदा वाचते.

आणि सॉफ्टवेअर उघडतानाच असिओ शोधताना अडकत असेल, तर दोष बहुधा पूर्वी काढून टाकलेल्या एखाद्या इंटरफेसच्या मागे राहिलेल्या नोंदीचा असतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, लोकल मशीन, सॉफ्टवेअर, असिओ या फोल्डरात प्रत्येक ड्रायव्हरची एक नोंद असते. फोल्डरची प्रत आधी काढून ठेवा, मग आता मशीनवर नसलेल्या ड्रायव्हरची तेवढी नोंद पुसा.