कॅनन आरएस-६०ई३ वायरवाला रिमोट : लक्ष्मीपूजनाच्या रात्री गच्चीवर वापरून बघितला

दिवाळीत आतषबाजीचे फोटो काढायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो लेन्स कुठली, दुसरा येतो बॉडी (नुसता कॅमेरा, लेन्स सोडून) फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची, आहे का. मीपण तीन वर्षं ह्याच नादात होते आणि दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोनशे-अडीचशे फोटो काढून त्यातले ठेवण्यासारखे चार-पाच निघायचे. २०२४ च्या दिवाळीत कॅमेरा तोच, कॅनन २००डी, लेन्स तीच, कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५, ट्रायपॉडही तोच. नवीन होती ती एकच वस्तू, मुठीत मावेल असा हा रिमोट, आणि त्या रात्रीचे अडतीस फोटो मी ठेवलेत. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण ह्या वस्तूबद्दल कुणी भरभरून बोलत नाही आणि खरंतर बोलायला पाहिजे.

आधी वस्तू काय आहे ते. एक बटण, त्याला वायर, वायरच्या टोकाला अडीच एमएमची पिन. बस. बॅटरी नाही, स्क्रीन नाही, ब्लूटूथ नाही, काही जोडणी-बिडणी करायची नाही, पिन कॅमेऱ्याच्या बाजूच्या रबरी झाकणाखाली घातली की चालू. बटण कॅमेऱ्याच्या बटणासारखंच अर्धं दाबता येतं आणि पूर्ण दाबता येतं, आणि पूर्ण दाबून पुढे सरकवलं की लॉक होतं, म्हणजे तुम्ही हात काढलात तरी शटर, म्हणजे सेन्सरवर उजेड येऊ देणारा पडदा, उघडंच. नावातल्या ६० चा अर्थ वायर साठ सेंटीमीटर. मी तो ओळखीच्या एका काकांकडून ९०० रुपयांना जुना घेतला, ते मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) गेले आणि त्यांच्या नव्या बॉडीला ही पिन बसत नव्हती.

आता आतषबाजीला ह्याचा एवढा उपयोग का, ते समजायला फोटोत काय होतं ते बघायला लागेल. रॉकेट वर जाऊन फुटतं तेव्हा त्याची प्रत्येक ठिणगी सरकत असते, सेन्सरवरच्या एका जागेवर ती क्षणभरच असते आणि पुढे जाते. त्यामुळे तुम्ही शटर दोन सेकंद उघडं ठेवा नाहीतर दहा, त्या रेघेचा उजेड तेवढाच राहतो, तो ठरतो अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर (पहिलं लेन्समधल्या भोकाचा आकार, दुसरं सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा ते). पण खालचं शहर, खिडक्या, रस्त्यावरचे दिवे, हे जागचे हलत नाहीत, ते दर सेकंदाला उजळत जातात. म्हणजे एका फोटोत दोन वेगळे नळ आहेत, अ‍ॅपर्चरने फटाका सांभाळायचा आणि वेळेने शहर. हे डोक्यात बसलं त्या दिवशी माझं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे शटर कधी उघडायचं आणि कधी मिटायचं, आणि ते कुठलंही सेटिंग ठरवू शकत नाही, ते तुमच्या अंगठ्यालाच ठरवावं लागतं.

कॅमेऱ्यात आधीच सहा सेकंद लावून ठेवले तर काय होतं, अर्ध्या वेळा रॉकेट फुटायच्या आत शटर बंद होतं आणि अर्ध्या वेळा एकावर एक चार शॉट फुटून मधे पांढरा गोळा होतो. दोन सेकंदांचा टायमर लावला तर उघडेपर्यंत फूल कोमेजलेलं असतं. बोटाने बटण दाबून धरलं तर हात थरथरतो आणि सगळ्या खिडक्यांच्या डबल खिडक्या होतात. फोनवरून करून बघितलं, पण दाबणं आणि उघडणं ह्यात जरा वेळ जातो आणि मुख्य म्हणजे नजर फोनच्या स्क्रीनकडे राहते, आकाशाकडे नाही. बल्ब मोड आणि हा रिमोट एवढंच पाहिजे. २००डीला डायल एमवर (मॅन्युअलवर) ठेवून शटर तीस सेकंदांच्या पुढे नेलं की बल्ब येतं, दाबलं की उघडलं, सोडलं की मिटलं.

त्याआधीच्या वर्षी मी ऑनलाइन साडेतीनशेचा एक नाव नसलेला वायरलेस रिमोट घेतला होता. पहिले पंधरा मिनिटं चालला, मग दाबल्यावर कधी उघडायचा कधी नाही, आणि एकदा उघडला तो बंदच होईना, शेवटी कॅमेरा ऑफ केला. आणि त्याच रात्री दुसरी चूक माझी स्वतःची, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू राहिलं होतं. ते चालू असलं की कॅमेरा फोटो काढून झाल्यावर तेवढाच वेळ शटर बंद ठेवून आणखी एक काळा फोटो घेतो आणि दोघांची वजाबाकी करतो, म्हणजे आठ सेकंदांचा फोटो घेतला की पुढचे आठ सेकंद स्क्रीनवर नुसतं "बिझी". समोर पुण्याच्या पर्वती टेकडीच्या मागे लागोपाठ तीन मोठे सोनेरी पाऊस फुटले आणि मी हातात कॅमेरा असून नुसती बघत राहिले. ते तीन मला अजून आठवतात. तर मेनूत जाऊन हे आधी बंद करा, नंतर कितीही भारी रिमोट घ्या.

यावेळी जागा नेहमीचीच, सिंहगड रोडला मावशीच्या सोसायटीची गच्ची, अकरा मजले. समोर पर्वती, देवळावरचे दिवे, मागे शहर पसरलेलं. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मी साडेपाचलाच ट्रायपॉड लावला. तेवढ्या लवकर जायचं कारण एकतर उजेडात फ्रेम नीट ठरते, आणि दुसरं म्हणजे सूर्य गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आकाश गडद निळं असतं, त्यात एखादं जरी रॉकेट उडालं तरी त्या निळ्यावर ते जे दिसतं ना, ते नंतरच्या काळ्या आकाशात नाही दिसत. शिवाय लक्ष्मीपूजन म्हणजे अमावस्या, चंद्राचा प्रश्नच नाही, बल्ब कितीही वेळ उघडा ठेवा आकाश पांढुरकं होत नाही. त्रिपुरी पौर्णिमेला नेमकं उलटं, तेव्हा चंद्र फ्रेमच्या बाहेर ठेवायला लागतो.

फोकस पर्वतीच्या दिव्यावर, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) दहापट मोठा करून हाताने केला, लेन्सवरचं बटण एमएफवर (हाताने फोकस), स्टॅबिलायझर बंद, आणि मग रात्रभर त्या रिंगला हात नाही. हे एमएफचं रिमोटसाठी फार महत्त्वाचं आहे, ऑटोफोकस चालू राहिला तर बटण दाबल्यावर कॅमेरा आधी अंधारात फोकस शोधत बसतो आणि कधीकधी शटर उघडतच नाही, आणि माणूस रिमोट खराब आहे म्हणून परत करतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांची एकूण छटा, ऑटो न ठेवता ३८०० केल्विनला बांधून टाकला, फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढले.

आयएसओ १००. आधी फटाका नसताना एफ ८ ला (एफचा आकडा वाढला की लेन्सचं भोक लहान होतं) आठ सेकंदांचा टेस्ट काढला, शहर छान आलं. पण पहिला मोठा शॉट फुटला तो मधे पांढराफटक, लाल रंग फक्त टोकांना. एफ ११ केलं, रंग परत आले. पण एफ ११ म्हणजे उजेड निम्मा, मग शहर काळवंडलं, ते भरून काढायला वेळ दुप्पट, पंधरा-सोळा सेकंद. आणि पंधरा सेकंदांत तर आकाशात नुसता कालवा होतो.

इथे तो लॉक कामाला आला. काळा कार्डशीट घेऊन गेले होते, साधारण वहीच्या आकाराचा. शटर उघडून लॉक केलं, कार्ड लेन्सच्या समोर धरलं, लेन्सला न चिकटवता. रॉकेटची शेपटी दिसली की कार्ड बाजूला, ठिणग्या विझल्या की कार्ड परत समोर. पुढचं रॉकेट दुसरीकडून येईल त्याची वाट बघायची. असं तीन-चार वेळा, आणि कार्ड बाजूला असलेल्या सेकंदांची बेरीज पंधरा झाली की लॉक काढायचं. स्क्रीनवर एकूण वेळ दिसत राहतो पण त्यात झाकलेला वेळपण मोजला जातो, म्हणून उघड्याचे सेकंद मी तोंडाने मोजत होते, एक हजार एक, एक हजार दोन. भाच्याला गंमत वाटली, मग मोजायचं काम त्याने घेतलं आणि दिलेलं काम त्याने फार मनापासून केलं. ह्या पद्धतीने काढलेल्या एका फोटोत डावीकडे हिरवा, पर्वतीच्या वर सोनेरी आणि उजवीकडे लांब एक बारीक लाल, तिन्ही वेगळ्या वेळचे, खाली सगळ्या खिडक्या नीट, आणि कुठेही पांढरा डाग नाही. लॉक नसता तर एका हाताने बटण दाबून धरून दुसऱ्या हाताने कार्ड, दीड मिनिट, जमलंच नसतं.

कार्ड न वापरता नुसतं दाब-सोडसुद्धा खूप केलं. शेपटी दिसली की दाबायचं, शेवटची ठिणगी विझली की सोडायचं, साधारण तीन-चार सेकंद. बॉक्समधले तीस शॉट, साठ शॉट असतात ते एकाच जागी धडाधड फुटतात, तिथे दोन झाले की सोडायचं, मोह आवरायचा. आणि ह्या सगळ्यात डोळा व्ह्यूफाइंडरला लावायचा नाही, मान वर करून आकाशाकडे बघायचं, रिमोट आपला खाली हातात. मला ह्या रिमोटची सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. तीन वर्षांत पहिल्यांदा मी आतषबाजी बघितली. नुसतं बघितल्यामुळे कळायला लागलं की कुठल्या सोसायटीतून काय उडतंय, कुठे लागोपाठ लावतात, कुठे थांबून थांबून. आवाजावरून अंतरसुद्धा, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पर्वतीच्या बाजूचा एक मोठा शॉट दिसल्यापासून सहा मोजेपर्यंत धडाम ऐकू आलं, म्हणजे दोन किलोमीटर. अर्थात हे शांत असतानाच जमतं, आठनंतर सगळीकडूनच आवाज.

रंगांचं एक. लाल स्ट्रॉन्शियमच्या क्षारांचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा, आणि निळा सगळ्यात नाजूक, कारण ज्योत जास्त तापली की तांब्याचा तो रंग टिकतच नाही. फोटोतही निळाच आधी उडतो. माझ्या अडतीसमध्ये खरा निळा एकात आहे, तोही एफ १६ ला. सुप्रीम कोर्टाने फटाक्यांमधल्या बेरियमवर बंदी घातलेली आहे, तरी आकाशात हिरवं काय कमी दिसलं नाही.

साडेनऊनंतर मी आवरलं. थंडीच्या दिवसांत वारा पडलेला असला की धूर वर जात नाही, तिथेच साचतो, आणि खालून शहराचे दिवे त्याला लागले की सगळा फोटो पिवळसर दुधाळ होतो, मग कुठलाही रिमोट आणि कुठलीही लेन्स काही करू शकत नाही. ठेवलेल्या फोटोंपैकी तीस तरी सव्वाआठच्या आधीचे आहेत. मी स्वतः फटाके आणत नाही, मावशीला दमा आहे आणि त्या धुरात ती खिडक्या लावून बसते. ती खाली बसलेली आणि मी वर फोटो काढतेय हे मनाला लागतंच, उगाच लपवत नाही.

रिमोटच्या मर्यादा सांगायच्या तर वायर साठ सेंटीमीटर म्हणजे ट्रायपॉडला चिकटूनच उभं राहायला लागतं, खुर्ची टाकून लांब बसू असं ठरवत असाल तर जमणार नाही. सैल सोडली तर वाऱ्याने वायर ट्रायपॉडच्या पायावर आपटत राहते, मी ती वेल्क्रोच्या पट्टीने पायाला बांधली. ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला पाच लिटरचा पाण्याचा कॅनपण लटकवला होता, कारण गच्चीवर पोरं धावली की स्लॅब हलतो, डोळ्याला कळत नाही पण फोटोत कळतं. बटणाला उजेड नाही, पण दोन फोटोंनंतर अंगठ्याला आपोआप सापडतं. ह्यात टायमर नाही, त्यामुळे टाइमलॅप्स किंवा ताऱ्यांचे तासभराचे फोटो काढायचे असतील तर इंटरव्हलवाला (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारा) रिमोट घ्या, तो वेगळा. आतषबाजीला तो लागत नाही, इंटरव्हल लावून आतषबाजी मिळत नसते.

घ्यायच्या आधी एकच गोष्ट डोळ्यांनी बघा, कॅमेऱ्याचं पोर्ट. कॅननच्या १३००डी, १५००डी, २००डी अशा बॉडींना ही अडीच एमएमची पिन बसते, मिररलेसमध्ये ईओएस आर, आरपी आणि आर६ ला बसते. ५डी, ७डी वाल्यांना तीन टोकांची एन३ पिन लागते, त्यांच्यासाठी आरएस-८०एन३ आहे. निकॉनला ह्यातलं काहीच चालत नाही. आणि इअरफोनची साडेतीन एमएम वेगळी, दुकानदार "बसेल हो ताई" म्हणाला तरी कॅमेरा बरोबर नेऊन लावून बघा.

मावशीने त्या तीन रंगांच्या फोटोची मोठी प्रिंट मागितली आहे, तिला त्या रात्री गच्चीवर येता आलं नव्हतं. बारा बाय अठराची करून फ्रेमला टाकलीय, शुक्रवारी मिळेल.