गेटवेची चार्टर यॉट: जेवण गार, तांडेल एक नंबर

पाचपैकी चार. एक कापला तो जेवण आणि बाथरूमसाठी, बाकी सगळे निव्वळ तांडेलचे, म्हणजे यॉट चालवणाऱ्याचे. मामांच्या साठीला अख्खी गँग सेवाग्राम एक्सप्रेसने मुंबईला गेलो होतो. आपण नागपूरचे लोक सोफा, लाइट, स्पीकरचे फोटो पाहून यॉट बुक करतो, आपला पाण्याचा अनुभव म्हणजे अंबाझरी नाहीतर फारतर खिंडसी, तिथे ना भरती ना ओहोटी, मंग काय विचारायचं तेच सुचत नाही, म्हणून एवढं लिहून राहिलो.

यॉट गेटवेसमोर पाण्यातच बांधून असते. छोट्या बोटीतून तिच्यापर्यंत जायचं आणि मंग वर चढायचं, आणि सगळ्यात रिस्की काम हेच. दोन्ही बोटी वरखाली होऊन राहिल्या, आत्या साडीत, हातात केकचा डबा. खलाशानं आधी केक काढून घेतला, सगळ्यांचे हात मोकळे करायला लावले, बोटींच्या फटीत हात-पाय घालू नका हे दहादा सांगितलं आणि लाट वर आली की एकेकाला 'आता' म्हणून वर घेतलं.

लाइफ जॅकेट छोट्या बोटीत बसायच्या आधीच, तेही बकल लावून, पट्टा ओढून, पोरांच्या मापाचं वेगळं. १८ डिसेंबर २०२४ ला इथूनच घारापुरीला निघालेल्या नीलकमल फेरीला नौदलाची स्पीडबोट धडकली होती, ते आठवलं की 'फोटोत जॅकेट चांगलं नाही दिसत' ही कुरकुर बंद होते. आमच्या जावईबापूंची झाली.

आता हँडलिंग. दोन डिझेल इंजिनं, पाण्याखाली यॉट ढकलणारे दोन पंखे. बोटींच्या गर्दीतून निघताना तांडेलनं स्टिअरिंगला हातही लावला नाही, एक इंजिन पुढे, एक मागे टाकून यॉट जागच्या जागी फिरवली! विचारलं तं म्हणे, "दादा, इतक्या हळू सुकाणू काम नाही करत, इंजिनांवरच वळवायची. आणि हिला ब्रेक नाही, कुठे थांबायचं ते आधीच ठरवावं लागतं." वरून यॉट उंच, वारा लागला की नाक बाजूला जातं, तेही धरून चालायचं. उजवीकडून एक फेरी आडवी येत होती, तिला रस्ता द्यायचा हा नियम, तो त्यानं लांबूनच आणि चांगलं ठसठशीत वळून पाळला, म्हणजे समोरच्याला कळलं पाहिजे ना आपण काय करून राहिलो ते. (व्हरायटी चौकात शिकवायला पाहिजे हे कोणीतरी.) व्हीएचएफ, म्हणजे बोटींचा वायरलेस, पूर्ण वेळ चॅनेल १६ वर (मदत मागायचा चॅनेल) चालू. सगळे सेल्फीला वरच्या डेकवर एकाच बाजूला जमले तं त्यानं म्युझिक बंद करून अर्ध्यांना खाली बोलावलं.

मामेभावानं मागे दुसऱ्या कोणाकडून घेतली होती, तिथे इंजिन चालू असताना पोरं मागच्या फळीवर पाय पाण्यात सोडून बसली आणि कोणी हटकलं नाही. अरे, खाली तिथेच पंखे असतात, एक्झॉस्टही तिथेच, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आमच्या यॉटवाल्यांनी भाच्याला तिथून लगेच उठवलं. तो फुगून बसला, बसू दे.

मामांना मोकळ्या पाण्यात थोडा वेळ स्टिअरिंग दिलं, थ्रॉटलवर हात मात्र तांडेलचाच.

बुक करताना रेटच्या आधी तांडेलचं लायसन्स, पॅसेंजर किती चालतात आणि आग विझवायचं सिलेंडर कुठे आहे ते विचारा, नीट सांगत नसतील तं सोडून द्या. सनसेटचा स्लॉट सगळ्यांनाच पाहिजे असतो पण दुपारनंतर वारा वाढतो, लाटाही वाढतात, म्हातारी माणसं आणि लेकरं असतील तं सकाळचाच घ्या.

जेवण: पनीर गार, पुलाव चिकट. डबा नेऊ देतात, फक्त सावजी नका नेऊ, पांढऱ्या सोफ्यावर तर्री सांडली की डिपॉझिटमधून कापतात.