फॅनी मे–फ्रेडी मॅकचा सरकारी ताबा समजून घ्यायचाय? ओयेझवर ‘कॉलिन्स विरुद्ध येलेन’ ऐका

अमेरिकन सरकारने 2008 मध्ये फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जं विकत घेणाऱ्या दोन कंपन्या ताब्यात घेतल्या. ते कायद्यात बसत होतं का, असं मला कोणी विचारलं की मी आता लेख पाठवत नाही, ओयेझचा पत्ता पाठवते. ओयेझ ही अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातले तोंडी युक्तिवाद ऐकवणारी वेबसाइट आहे. कोर्टात ध्वनिमुद्रणाची सोय 1955 मध्ये झाली आणि तेव्हापासूनची मुद्रणं इथे आहेत. कॉर्नेलची लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूट, जस्टिया आणि शिकागो-केंट लॉ कॉलेज मिळून ती चालवतात. एक पैसा लागत नाही. मी हे परीक्षण एकाच खटल्यापुरतं लिहितेय, कारण तो खटला मी नीट, वेळ देऊन ऐकलाय.

मी वकील नाही. इथे अमेरिकेत गृहकर्ज देणाऱ्या एका कंपनीत अंडररायटिंगचं, म्हणजे अर्ज तपासून कर्ज द्यायचं का ते ठरवण्याचं काम करते. अर्जदाराचा पगार, चालू हप्ते, खात्यातली शिल्लक, घराची किंमत हे सगळं फॅनी मेच्या डेस्कटॉप अंडररायटर प्रणालीत भरायचं. ‘अप्रूव्ह/एलिजिबल’ आलं की फाइल पुढे सरकते, ‘रेफर विथ कॉशन’ आलं की समोरच्या कुटुंबाला काय सांगायचं याचा घोर मला लागतो. आम्ही दिलेलं कर्ज पुढे या दोन कंपन्यांपैकी एक विकत घेते, तो पैसा आमच्याकडे परत येतो आणि त्यातून पुढचं कर्ज जातं. म्हणजे माझ्या टेबलावरचा जवळपास प्रत्येक निर्णय त्यांच्या नियमपुस्तकातून येतो. त्या कंपन्या कोणाच्या, त्यांचा नफा कोणाचा, आणि तो कोणी कुठल्या अधिकाराने घेतला, हे मला माहीत असायला हवं असं मनापासून वाटतं.

या विषयावरचं एक वर्गणी भरून मिळणारं बातमीपत्र मी काही काळ घेत होते. नाव लिहीत नाही. निकाल लागला तेव्हा त्यांनी छापलं की सुप्रीम कोर्टाने सरकारी ताबा घटनाबाह्य ठरवला. कोर्टाने असं काहीही म्हटलेलं नाही. मूळ सामग्री उघडायची सवय मला त्यानंतर लागली.

आता प्रत्यक्ष अनुभव. साइटवर खटल्याचं पान उघडलं की घटनाक्रम, कोर्टापुढचा प्रश्न आणि निष्कर्ष थोडक्यात लिहिलेले असतात. खरी मौज युक्तिवादाच्या पानावर. ऑडिओ सुरू केला की खाली लिखित प्रत आपोआप सरकते, चालू वाक्य ठळक होतं, बोलणाऱ्याचं नाव आणि चित्र दिसतं. कोण न्यायाधीश, कोण वकील, हा गोंधळ मुळीच होत नाही. इंग्रजी आपली रोजची कामाची भाषा असली तरी कोर्टातलं इंग्रजी वेगळं असतं. कलमांचे आकडे भराभर येतात. अशा वेळी वाक्य डोळ्यांसमोर असणं हा फार मोठा आधार आहे. अडलं तिथे ओळीवर क्लिक करून पुन्हा ऐकता येतं.

हा खटला 9 डिसेंबर 2020 रोजी ऐकला गेला, तेव्हा त्याचं नाव ‘कॉलिन्स विरुद्ध म्नूचिन’ होतं. ट्रेझरीचे, म्हणजे अमेरिकेच्या अर्थखात्याचे, मंत्री बदलले तसं नावही बदललं. कोविडमुळे कोर्ट तेव्हा फोनवरून चालत होतं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स ज्येष्ठतेच्या क्रमाने एकेका न्यायाधीशाला पुकारत आणि ज्याने त्याने आपल्या पाळीत प्रश्न विचारायचे. कोर्टात समोरासमोर जी एकमेकांना तोडत बोलायची पद्धत असते, ती इथे नाही. नवख्या श्रोत्यासाठी ही सुनावणी म्हणूनच सोपी जाते. वर्षानुवर्षं गप्प बसणारे न्यायमूर्ती थॉमस या फोनच्या काळात नियमाने प्रश्न विचारू लागले होते. त्यांचा खर्जातला आवाज रॉबर्ट्स यांच्या लगोलग येतो.

ऐकायला बसण्याआधी थोडी पार्श्वभूमी डोक्यात हवी, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत दिशा हरवते. फॅनी मे 1938 ची, मूळची सरकारी. 1968 मध्ये ती खासगी भागधारकांची झाली. फ्रेडी मॅक 1970 ची. घरांचा बाजार कोसळत असताना 30 जुलै 2008 रोजी नवा कायदा झाला आणि फेडरल हाउसिंग फायनान्स एजन्सी ही नियामक संस्था जन्माला आली. सव्वा महिन्यात, 6 सप्टेंबरला, त्या संस्थेने दोन्ही कंपन्या कन्झर्व्हेटरशिपमध्ये, म्हणजे सांभाळकर्ता म्हणून आपल्या ताब्यात, घेतल्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी, ट्रेझरीचे मंत्री हेन्री पॉलसन आणि एजन्सीचे संचालक जेम्स लॉकहार्ट यांनी ते जाहीर केलं. ट्रेझरीने पैसा पुरवायचं कबूल केलं. त्या बदल्यात प्रत्येक कंपनीचे 1 अब्ज डॉलरचे वरिष्ठ प्रेफर्ड (लाभांशात इतरांच्या आधी हक्क असलेले) शेअर, त्यांवर 10 टक्के लाभांश आणि 79.9 टक्के सामान्य शेअर घेण्याचा हक्क सरकारकडे गेला.

लोक ‘ताबा कायदेशीर होता का’ असं विचारतात तेव्हा त्यांच्या मनात 6 सप्टेंबर 2008 हीच तारीख असते. पण ताब्याविरुद्ध दाद मागायला कायद्याने कंपनीला 30 दिवस दिले होते, आणि दोन्ही संचालक मंडळांनी तर आधीच संमती दिली होती. संमती देणाऱ्या संचालकांना भागधारकांपुढे जबाबदार धरता येणार नाही, अशी तरतूदही त्याच कायद्यात आहे. हे वाचलं तेव्हा मी चिडले होते आणि अजूनही चिडते. ज्याने विरोध करायचा, त्यालाच होकार दिल्यास अभय द्यायचं! मूळ ताब्यालाच आव्हान देणारा वॉशिंग्टन फेडरल या बँकेचा दावा पुढे आला खरा, पण 2022 मध्ये फेडरल सर्किट या अपील कोर्टात तोही टिकला नाही.

मोठी लढाई झाली ती चार वर्षांनंतरच्या एका दुरुस्तीवरून. कंपन्या ट्रेझरीचा लाभांश भरण्यासाठी ट्रेझरीकडूनच पैसे उचलत होत्या. 17 ऑगस्ट 2012 रोजी करारात तिसरी दुरुस्ती झाली. 10 टक्क्यांचा लाभांश गेला. त्याऐवजी थोडी गंगाजळी बाजूला ठेवून, आणि तीही वर्षागणिक घटवत नेत, दर तिमाहीला कंपनीची उरलेली सगळी निव्वळ मालमत्ता ट्रेझरीला द्यायची असं ठरलं. पाठोपाठ नफा परतला. 2013 च्या पहिल्या तिमाहीच्या हिशेबावर एकट्या फॅनी मेने ट्रेझरीला 59.4 अब्ज डॉलर दिले. त्या काळातला एकूण हिशेब असा, की दोन्ही कंपन्यांनी मिळून ट्रेझरीकडून सुमारे 191 अब्ज डॉलर घेतले आणि परत दिले 300 अब्जांहून जास्त. तरी मूळ देणं फिटलं असं धरलं गेलं नाही, कारण ही रक्कम लाभांश होती, परतफेड नव्हती.

भागधारकांचं म्हणणं सरळ होतं. कन्झर्व्हेटर म्हणजे सांभाळ करणारा; त्याने घरातलं सगळं उचलून एका धनकोच्या हाती द्यायचं नसतं. सर्किट कोर्टांचं, म्हणजे अपील कोर्टांचं, मात्र यावर एकमत नव्हतं. कन्झर्व्हेटरच्या अधिकारांच्या वापरावर कोर्टाला बंधन घालता येणार नाही, असं एक कलम या कायद्यात आहे. त्याच्या आधारे न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांनी वॉशिंग्टनमधले दावे 2014 मध्ये फेटाळले आणि तिथल्या सर्किट कोर्टाने 2017 मध्ये ते बव्हंशी उचलून धरलं. फिफ्थ सर्किटच्या पूर्ण पीठाने 2019 मध्ये उलट सूर लावला. म्हणून हा प्रश्न सुप्रीम कोर्टात आला.

23 जून 2021 चा निकाल न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिला. त्यातला दुसरा भाग अवश्य वाचा, कारण तो सर्व न्यायाधीशांना मान्य आहे आणि दुरुस्ती कायद्यात बसते का याचा निवाडा तिथेच आहे. कन्झर्व्हेटरने नियंत्रित संस्थेच्या (म्हणजे कंपनीच्या) ‘किंवा एजन्सीच्या’ हिताचं वाटेल ते करावं, असं कायदा म्हणतो. कोर्टाचा तर्क असा की एजन्सीचं हित म्हणजे पर्यायाने ती ज्या जनतेसाठी आहे तिचं हित. तेव्हा एखादं पाऊल कंपनीच्या दृष्टीने सर्वोत्तम नसलं तरी अधिकाराच्या आतलंच ठरू शकतं. ट्रेझरीने कबूल केलेली उरलेली रक्कम लाभांश भरण्यात संपून जाण्याचा धोका या दुरुस्तीने टळला, असं एजन्सीला रास्तपणे वाटू शकतं. झालं. कायद्याच्या मुद्द्यावर भागधारक हरले.

मला हा तर्क पटतो आणि तरी निकालावर समाधान वाटत नाही. न्यायाधीशांनी कलम जसं लिहिलंय तसं वाचलं. दोष काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा आहे. संकटाच्या उन्हाळ्यात, घाईघाईने, बँकांसाठी जुन्या असलेल्या कन्झर्व्हेटरशिपच्या कल्पनेला तिने एवढं मोठं दार ठेवून दिलं. ज्यांनी 2008 पूर्वी हे शेअर घेतले, त्यांनी असल्या कन्झर्व्हेटरची कल्पना करणं शक्यच नव्हतं.

घटनात्मक मुद्दा मी थोडक्यात सांगते. एजन्सीच्या एकट्या संचालकाला राष्ट्राध्यक्ष फक्त सबळ कारणानेच काढू शकत, ही तरतूद घटनाबाह्य ठरली. बातमीपत्राचा मथळा यावरून निघाला होता. पण 2012 ची दुरुस्ती केली तेव्हा एडवर्ड डिमार्को हे हंगामी संचालक होते आणि त्यांना काढायला राष्ट्राध्यक्षांना आडकाठी नव्हतीच, म्हणून दुरुस्ती रद्द झाली नाही. नुकसान झालं का, एवढंच पाहायला खटला खाली पाठवला गेला.

ओयेझची मर्यादा इथे लागते. साइट सुप्रीम कोर्टापुरती आहे, तिचं कामच ते आहे. पण या विषयाची अर्धी गोष्ट खालच्या कोर्टात घडली. ज्या लॅम्बर्थ यांनी 2014 मध्ये दावे काढून टाकले होते, त्यांच्याच कोर्टात कराराचा मुद्दा परत आला आणि ज्यूरीपुढे चालला. पहिल्यांदा, 2022 मध्ये, ज्यूरीचं एकमत झालं नाही. ऑगस्ट 2023 मध्ये दुसऱ्या ज्यूरीने ठरवलं की तिसऱ्या दुरुस्तीने शेअरच्या करारात गृहीत असलेल्या सचोटीचा भंग झाला. भरपाई 61.24 कोटी डॉलर. सरकारने नेलेल्या रकमेपुढे ती किरकोळच आहे, शिवाय फॅनी मेच्या सामान्य भागधारकांना त्यात काही नाही. तरी सुप्रीम कोर्टाने ‘अधिकारात बसतं’ म्हटलेलीच गोष्ट करारभंग ठरू शकते, हे समजलं की या सगळ्या वादाकडे बघायची नजर बदलते. फक्त ओयेझवर थांबणाऱ्याला हे कळणार नाही.

त्यासाठी दोन जोड ठिकाणं सांगते. सुप्रीम कोर्टाच्या स्वतःच्या साइटवर 19-422 हा क्रमांक टाकला की दोन्ही बाजूंची निवेदनं आणि त्रयस्थांनी दिलेली टिपणं पीडीएफमध्ये मिळतात. दिसायला रुक्ष, पण सगळं तिथेच. जिल्हा कोर्टांची कागदपत्रं पेसर या कोर्टांच्या ऑनलाइन व्यवस्थेवर असतात. तिथे पानाला 10 सेंट पडतात, साधारण कागदपत्राला जास्तीत जास्त 3 डॉलर, आणि तिमाहीत 30 डॉलरपर्यंतचा वापर माफ. नागरिकांच्याच कोर्टाचे कागद नागरिकांना विकत का घ्यावे लागावेत, हे मला पटत नाही. त्याआधी कोर्टलिसनरवर शोधा. इतरांनी पेसरवरून उतरवलेले पुष्कळ कागद तिथे फुकट ठेवलेले आहेत.

ओयेझला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा तारा कापला तो लिखित सारांशासाठी. इतका गुंतागुंतीचा निवाडा काही परिच्छेदांत मावत नाही, आणि घाईत असलेला वाचक तेवढंच वाचून निघून जातो. गृहकर्जाच्या धंद्यातल्या माझ्या मराठी सहकाऱ्यांनी, कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आणि या कंपन्यांचे शेअर घ्यावेत का असा विचार करणाऱ्यांनी तर हे ऐकायलाच हवं. आधी निकालाचा दुसरा भाग वाचा, मग ऑडिओ लावा, आणि शेअर घ्यायचा विचार असेल तर पैसे गुंतवण्याआधी 2012 ची तिसरी दुरुस्तीसुद्धा उघडा. ती अगदी मोजक्या पानांची आहे.