सीव्ही करून देतो म्हणाले आणि 45,430 रुपये घेऊन गेले

हे लिहायला तीन आठवडे लागले, कारण लाज वाटते. घरी आकडा सांगताना मी 30 हजार सांगितला होता. बायको हे वाचेल तेव्हा खरा कळेल. 2,950, मग 7,080, मग 11,800, मग 23,600. एकूण 45,430 रुपये, चार वेळा मिळून, 19 दिवसांत.

मी सिव्हिल डिप्लोमा, 17 वर्षं साइटवर. शेवटची चार वर्षं पुण्याजवळच्या रावेतला एका गृहप्रकल्पावर असिस्टंट प्रोजेक्ट मॅनेजर होतो. दोन टॉवर, 22 मजले. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आली, साइट गुंडाळली, बिल्डरचा पुढचा प्रोजेक्ट अजून कागदावरच, म्हणून एप्रिलपासून घरी. घराचा हप्ता 31,400. आमच्या लायनीत सीव्ही कधी कुणी नीट मागितलाच नाही हो. एका कन्सल्टंटने दुसऱ्याला फोन केला की सोमवारी हेल्मेट घालून हजर. माझा बायोडाटा 2014 चा. त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि छंद: क्रिकेट. तोच एका नोकरीच्या साइटवर टाकला आणि दोन दिवसांत फोन आला.

बाई छान मराठीत बोलत होत्या. "सर, तुमचा अनुभव एवढा दांडगा, पण सीव्ही सिस्टिममध्येच अडकतोय. एटीएस स्कोर 34 आलाय. प्रोजेक्ट मॅनेजरसाठी 80 च्या वर लागतो." एटीएस म्हणजे कंपन्यांचं सीव्ही चाळणारं सॉफ्टवेअर. पुढची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच असेल. आधी किरकोळ फी, मग पॅकेज, मग रिफंडेबल डिपॉझिट. मलाही ठाऊक होती. पेपरात वाचत होतोच की. पण ती फसवणूक म्हणजे लॉटरी, केवायसी, पार्सल अशी असते, असं डोक्यात बसलेलं. इथे कुणी ओटीपी मागत नव्हतं, सीव्ही मागत होतं.

आणि एक सांगतो. सगळे आकडे 18 टक्के जीएसटीसकट होते. 2,500 वर 450, 6,000 वर 1,080. मी कंत्राटदारांची आरए बिलं, म्हणजे झालेल्या कामाची टप्प्याटप्प्याने येणारी बिलं, तपासणारा माणूस. बेरीज जुळली की माझं डोकं शांत होतं. ज्याने हे आकडे ठरवले त्याला माझ्यासारखी माणसं नेमकी माहीत होती.

2,950 भरले. चार दिवसांनी रात्री अकराला पीडीएफ आली. गॅलरीत उभं राहून वाचायला घेतली. वर निळी पट्टी, त्यात 'डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड लीडर'. ठीक आहे, असं लिहीत असतील. खाली 'प्रमुख क्लायंट' असा मथळा आणि पहिलंच नाव: मिवान.

बिल्डिंग लायनीतल्यांना आत्ताच हसू आलं असेल. इतरांसाठी सांगतो, आपल्याकडे स्लॅब-भिंती एकत्र ओतायच्या ॲल्युमिनियमच्या साच्याला, म्हणजे फॉर्मवर्कला, सरसकट मिवान म्हणतात. म्हणजे या लोकांनी माझ्या शटरिंगला माझा क्लायंट करून टाकलं होतं! त्याखालची ओळ त्याहून भारी. मी त्यांना कळवलं होतं, 22 मजले, स्लॅब सायकल, म्हणजे एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंत, 7 दिवस. त्यांनी लिहिलं, '22 मजली टॉवर 7 दिवसांच्या सायकलमध्ये पूर्ण केला.' बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "मग चार वर्षं करत काय होतात?" दोघं पोट धरून हसलो.

इथे. याच जागी मी थांबायला हवं होतं. 'कन्स्ट्रक्शन स्पेशालिस्ट रायटर' म्हणवणाऱ्याला मिवान म्हणजे काय हे माहीत नाही, यापेक्षा मोठा लाल झेंडा कोण दाखवणार? काँक्रीटचा स्लम्प, म्हणजे घट्ट-पातळपणा, बसला नाही तर मी टीएम, म्हणजे काँक्रीटचा ट्रक, गेटवरून परत पाठवतो. तयार काँक्रीट पुरवणारा आरएमसीवाला कितीही गयावया करो. आणि त्या रात्री मी काय केलं? त्यांच्या चुका मीच दुरुस्त केल्या. दोन तास बसून. मिवान क्लायंटमधून काढलं, सायकल नीट लिहिली, बारबेंडिंग शेड्यूलचं, म्हणजे सळ्या कापण्या-वाकवण्याच्या तक्त्याचं, त्यांनी केलेलं 'बार मॅनेजमेंट' (देवा!) सुधारलं, आणि ती फाइल त्यांनाच परत पाठवली. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही खूप डिटेल-ओरिएंटेड आहात, तुम्हाला प्रीमियम पॅकेज शोभेल." दुसऱ्या दिवशी 7,080 भरले. सीव्ही मी लिहिला आणि वर पैसेही मीच दिले.

प्रीमियममध्ये त्यांनी नावापुढे 'पीएमपी', म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरचं प्रमाणपत्र, लावून देतो असंही सांगितलं. मी नको म्हणालो. ती परीक्षा असते, 180 प्रश्नांची, त्याआधी 35 तासांचं प्रशिक्षण आणि अनुभवाचा हिशेब द्यावा लागतो, आणि कुणाकडे खरंच पीएमपी आहे का हे ते देणाऱ्या पीएमआय संस्थेच्या संकेतस्थळावर कुणीही तपासू शकतो. नको म्हणालो म्हणून स्वतःवर खूश होतो. जो माणूस खोटं प्रमाणपत्र लावून देतो म्हणतो तो माझ्याशी खरं वागेल, हे मी कशावरून धरलं ते आजही कळत नाही.

मग 11,800, 'इंटरव्ह्यू अलाइनमेंट'चे. एका मोठ्या कंत्राटदार कंपनीच्या नावाने फोनवर मुलाखत झाली. बारा मिनिटं. स्ट्रेंथ काय, वीकनेस काय, पाच वर्षांनी कुठे असाल. बेसलाइनविरुद्ध, म्हणजे मूळ वेळापत्रकापेक्षा, किती दिवस मागे होतात, हे विचारलं नाही. मुदतवाढीचा क्लेम कसा मांडलात, एक्स्ट्रा आयटम कसे पास करून घेतलेत, लेबर सणाला गावी गेल्यावर काय केलंत, यातलं एकही नाही. असली मुलाखत प्रोजेक्ट मॅनेजरची नसतेच. मला वाटलं पहिली फेरी एचआरची असेल. मनच सबबी शोधून देतं माणसाला.

ऑफर लेटर आलं, वर्षाला 14 लाख 40 हजार. सोबत 23,600, 'बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, पहिल्या पगारात परत'. भरताना यूपीआयवर कंपनीचं नाही, भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाले, अकाउंट्सच्या सरांचं आहे. भरले. जॉइनिंगच्या आदल्या दिवशी त्या खऱ्या कंपनीच्या मुंबई ऑफिसला फोन केला, रिपोर्टिंग किती वाजता म्हणून. तिथल्या मुलीने लेटर व्हॉट्सॲपवर मागवलं आणि म्हणाली, "सर, आम्ही कुणाकडून पैसे घेत नाही." बस, एवढंच. बाईंचा नंबर तेव्हापासून बंद.

मग पावत्या काढून बसलो. जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा 27. पावतीवर पत्ता पुण्यातल्या बाणेरचा आणि नंबर 09 ने सुरू होणारा, म्हणजे उत्तर प्रदेशचा. नंबरातलं सहावं अक्षर कंपनी असेल तर सी असतं. इथे पी, म्हणजे एकटा माणूस, आणि वर छापलंय प्रायव्हेट लिमिटेड. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर फुकट दिसतं कुणाचा आहे. एक मिनिट लागतं. पैसे भरायच्या आधी टाका, माझ्यासारखं नंतर नको.

आता आपल्या यंत्रणेची कथा. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावला, नवव्यांदा लागला. पैसे जाऊन चार दिवस झाले होते. "आधी करायचा ना, सर." तक्रार नंबर मिळाला. तो घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण बायोडाटा दिला ना त्यांनी? मग फसवणूक कसली? हा तर व्यवहार झाला." मी ऑफर लेटर दाखवलं, ते खोटं आहे म्हणालो. "हे त्या कंपनीने सांगायला पाहिजे." कंपनी म्हणते, आमचं काही गेलं नाही. मग विचारणा सुरू, पैसे भरले तेव्हा तुम्ही कुठे होतात? घरी. घर कुठल्या हद्दीत? पुढच्या ठाण्याच्या. तिथे साहेब पालखीच्या बंदोबस्तावर. दोन खेपा वारकऱ्यांमुळे रस्ता बंद म्हणून अर्ध्यातून परत आलो. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले, म्हणाले बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा.

बँकेत गेलो. तिथला तरुण अधिकारी शांतपणे म्हणाला, "पिन तुम्हीच टाकलाय, सर. अनऑथराइज्ड असतं तर नियम वेगळे." त्या नियमांत तुमच्या नकळत झालेल्या व्यवहाराला संरक्षण आहे. माझ्यासारख्या स्वतःच्या बोटाने पैसे देणाऱ्या शहाण्याला नाही. शिक्का मारलेल्या स्टेटमेंटचे 118 रुपये घेतले. 100 अधिक 18 टक्के. ही पावती मात्र खरी होती, नंबर 27 ने सुरू होणारा. मी तपासला.

भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आणि आयटी कायद्याचं 66 डी, ही फसवणुकीची कलमं मी ठाण्यात पाठ म्हणून दाखवली. "एवढं माहीत आहे तर फसलात कसे?" असं उत्तर आलं. खरं सांगतो, पैसे गेल्यापेक्षा ते वाक्य जास्त लागलं.

हे सगळं उलगडताना मी माझा सीव्ही स्वतः लिहिला. दोन पानं. प्रोजेक्टची किंमत कोटींत, बिल्टअप एरिया, हाताखाली किती इंजिनिअर, रोजचं लेबर किती. ठरलेली तारीख आणि प्रत्यक्ष तारीख, मध्ये किती दिवस गेले आणि कशामुळे. पहिले स्लॅब 14 दिवसांनी पडत होते, 7 वर कसे आणले. 'टीम प्लेअर' वगैरे काही नाही. जुन्या कन्सल्टंटला पाठवला. ते म्हणाले, "हे वाचून साइट डोळ्यांसमोर येते." फुकट म्हणाले. तुमच्याच लायनीतल्या, तुमच्यापेक्षा सीनिअर माणसाला दाखवा. एटीएस स्कोर सांगणाऱ्याला विचारा, कुठल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचा स्कोर? प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नसतो. आणि नोकरी देणारा पैसे मागू लागला की फोन ठेवा. रिफंडेबल म्हणाला तर लवकर ठेवा.

गेल्या आठवड्यात मेसेज आला. माझ्या पैशांपैकी 6,212 रुपये एका खात्यात गोठवलेले सापडलेत. सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं मला सांगितलं. वकिलाने फी सांगितली आहे, 5,000.